व्हॅक्यूम जोडता येणारा कार्बाइड स्क्रेपर: बोटीच्या तळाला कितपत चालतो?

हिवाळ्यात बोट बाहेर काढली की नवा रंग देण्यापेक्षा जुना उतरवणंच जिवावर येतं. वर्षानुवर्षं थरावर थर चढून अँटिफाउलिंगचे (तळावर शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या रंगाचे) पोपडे सुटू लागले असतील, तर फायबरच्या बोटीला हा स्क्रेपर जरूर घ्यावा. रंग घट्ट धरून असेल तर मात्र उगाच खरवडू नका. धुऊन 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत केला की पुरतं.

नव्या पात्याचे कोपरे आधी डायमंड फाईलने किंचित गोल करा. कार्बाइड हा फार कठीण पदार्थ, साधी कानस त्यावर नुसती घसरते. हे टाळलं तर हात जरा तिरका पडताच जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, चर पडतो. मुळात तो असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर! मग आलंच इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, प्रायमर.

पातं दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायचं, ढकलायचं नाही. धार असेपर्यंत रंगाचे पापुद्रे निघतात. नुसती भुकटी येऊ लागली की पातं उलटवा. बोथट पात्यावर माणूस जोर काढतो आणि चर बहुतेक तेव्हाच पडतात. पातं काँक्रीटवर पडलं तर धारेचा टवका उडतो, मग प्रत्येक ओढीला तिथेच रेघ.

व्हॅक्यूमची नळी जोडायची सोय चांगली आहे, पण घरातला व्हॅक्यूम लावू नका. बारीक धूळ त्याच्या फिल्टरमधून परत बाहेर येते, आणि या रंगात बहुधा तांब्याचं ऑक्साइड असतं. व्हॅक्यूम असला तरी बारीक धूळ अडवणारा पी3 मास्क आणि गॉगल हवाच. जमलेले पापुद्रे घातक कचऱ्यातच टाकायचे.

कीलच्या (तळाखालच्या उभ्या कण्याच्या) सांध्यातल्या खोलगट भागात सरळ पात्याचे कोपरे रुततात. तिथे अरुंद, गोलसर पातं घ्या. पाण्याची खोली मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरवर पातं फिरवायचंच नाही. ओल्या फडक्याला रंग लागत असेल तर तो मऊ जातीचा. अशा रंगाने पातं बरबटतं, तो ओला घासलेला बरा.

खरवडताना जेलकोटवरचे फोडही फुटतात. आतून व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं पाणी निघालं, तर रंगाचा डबा उघडू नका. फोड उघडून गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि तळ वाळू द्या. याला महिनेही लागतात.