ब्लॅक-आयसॉर्ट-फ्लेक८ की रफ? सीआयमधील तपासणीसाठी निवड करताना

पायथन प्रकल्पाच्या सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये, कोडची तपासणी बसवताना आज प्रामुख्याने दोन वाटा समोर येतात: कोडची मांडणी (फॉरमॅट) एकसारखी करणारा ब्लॅक, इम्पोर्ट क्रमाने लावणारा आयसॉर्ट आणि शैलीच्या चुका दाखवणारा फ्लेक८ हे सरावाचे त्रिकूट, किंवा या तिघांचे बहुतेक काम एकट्याने करणारे रफ. मी काही वर्षे पहिल्या वाटेने गेलो आणि नंतर दुसरी धरली.

रफची शिफारस बहुतेक जण वेगासाठी करतात. तो वेग खराच आहे. परंतु सीआयमध्ये बराचसा वेळ कोड उतरवून घेण्यात आणि पॅकेजेस बसवण्यात जातो, त्यामुळे आमच्या मध्यम आकाराच्या प्रकल्पात केवळ तेवढ्यासाठी बदल करावा असे मला वाटले नसते. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच त्रासामुळे.

लिस्टचा तुकडा घेताना मर्यादांच्या जागी बेरीज-वजाबाकी असेल, तर ब्लॅक कोलनच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडतो आणि फ्लेक८ नेमक्या त्याच जागेवर ई२०३ ही तक्रार नोंदवतो. म्हणजे एकाने नीटनेटकी केलेली ओळ दुसरा नापास करतो. मी फ्लेक८च्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘इग्नोर’ या वगळायच्या नियमांच्या यादीसमोर ई२०३ लिहून बदल सर्व्हरवर पाठवला (पुश केला). ती तक्रार थांबली, पण डब्ल्यू५०३ आणि डब्ल्यू५०४ या दुसऱ्या दोन नियमांच्या तक्रारींची रांग लागली. कारण सापडेपर्यंत अख्खी संध्याकाळ गेली: फ्लेक८ काही नियम मुळातच वगळून ठेवतो आणि आपण ‘इग्नोर’ लिहिले की ती मूळ यादीच रद्द होते. या दोन नियमांपैकी एकाला ओळ क्रियाचिन्हाच्या आधी तोडलेली चालत नाही, दुसऱ्याला नंतर तोडलेली. दोन्ही एकदम चालू असतील तर लांब ओळ कशीही तोडली तरी नापासच. मूळ यादी तशीच ठेवून तिच्यात भर घालणारे ‘एक्स्टेंड-इग्नोर’ लिहायला हवे होते. उपाय एका शब्दाचा होता हे मान्य, परंतु काही महिन्यांनी आमच्याच दुसऱ्या रिपॉझिटरीत एका सहकाऱ्याची हीच चूक झाली, तेव्हा दोष माणसाचा नसून मांडणीचा आहे असे माझे मत झाले. त्यातच पायथनच्या बहुतेक साधनांच्या सेटिंग जिथे एकत्र ठेवता येतात ती पायप्रोजेक्ट टॉमल (pyproject.toml) फाइल फ्लेक८ वाचत नाही. त्यामुळे ब्लॅकची ८८ अक्षरांची ओळ त्याला पटवून देण्यासाठी दुसरी फाइल सांभाळावी लागते, कारण त्याची स्वतःची मर्यादा ७९ आहे.

रफमध्ये हे सारे एकाच ठिकाणी येते. इम्पोर्ट क्रमाने लावणारे ‘आय’ नियम मात्र आपणच चालू करावे लागतात, आणि तपासणी व फॉरमॅट या आज्ञाही वेगळ्या आहेत. रफमध्ये नियमांचा तंटा अजिबात नाही असेही नाही: शेवटच्या स्वल्पविरामाचा सीओएम८१२ हा नियम त्याच्याच फॉरमॅटरशी जुळत नाही. फरक इतकाच, की फॉरमॅट चालवताना रफ तशी सूचना स्वतःहून देते. मला तरी हा फरक मोठा वाटतो.

आपल्या संघाने फ्लेक८साठी स्वतःचे प्लगइन (जादा नियमांची जोडणी) लिहिले असेल, तर घाई करू नये, कारण बाहेरचे प्लगइन रफमध्ये चालत नाही. अशा वेळी तेवढ्या एका प्लगइनसाठी फ्लेक८ ठेवून बाकीचे काम रफकडे सोपवणे मला गैर वाटत नाही.

बदल केलाच, तर रफची आवृत्ती सीआयमध्ये आणि प्री-कमिटमध्ये (कमिट करण्याआधी आपल्याच संगणकावर होणाऱ्या तपासणीत) एकच ठेवावी आणि फॉरमॅटचा पहिला कमिट स्वतंत्र करावा. आमच्याकडे त्यात मोजक्याच ओळी बदलल्या. तरीही त्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) आम्ही गिट ब्लेममधून, म्हणजे प्रत्येक ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेतून, वगळण्याच्या यादीत टाकला, म्हणजे जुन्या ओळीवर मूळ लिहिणाऱ्याचेच नाव दिसते.