घर उरुग्वेत, खातं स्पेनमध्ये

टॅक्सी त्या इमारतीसमोर थांबली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. जून महिना, म्हणजे उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत, ऐन हिवाळा. नदीवरून येणारं वारं कानात शिरत होतं. पाच बॅगा, खांद्यावर पेंगलेली सहा वर्षांची लेक आणि मोबाईलमध्ये घराचा करार. चावी पोर्तेरोकडे ठेवली आहे, असं घरमालकिणीनं कळवलं होतं. पोर्तेरो म्हणजे इमारतीचा राखणदार. तो पाइपानं फुटपाथ धूत होता, काखेत थर्मास, एका हातात माते या तिथल्या चहासारख्या पेयाचा पेला. मी करार दाखवला. त्यानं आधी पाणी बंद केलं, हात पुसले आणि सगळं वाचलं. मग माझ्याकडे न बघता लेकीकडे बघत म्हणाला, "सेन्योरा, उस्तेद एस ला तेर्सेरा."

मोबाईलवरच्या ॲपनं मला स्पॅनिश आकडे शिकवले होते. तेर्सेरा म्हणजे तिसरी. त्या वर्षात त्या दारात बॅगा घेऊन उभी राहिलेली मी तिसरी बाई होते. करारातल्या 502 क्रमांकाच्या फ्लॅटमध्ये एक आजी राहतात, तीस वर्षांपासून. घर कधीच भाड्यानं नव्हतं.

आमचे 2,250 डॉलर गेले, म्हणजे जवळजवळ 1,90,000 रुपये. ते माझ्या एफडीचे होते, लग्नाआधी शाळेत शिकवून साठवलेले. हे लिहिताना अजून हात जड होतो. तरी लिहिते आहे, कारण जायच्या आधी मी मराठीत बरंच शोधलं होतं आणि या शहराबद्दल काहीही सापडलं नव्हतं.

नवऱ्याला माँटेव्हिडिओत नोकरी लागली तेव्हा नाशिकमध्ये निम्म्या नातेवाइकांनी विचारलं, "हे कुठं आलं?" दुबईला, लंडनला जाणाऱ्याला दहा जण सांगणारे भेटतात, कुठं राहावं, कुठं राहू नये. उरुग्वे हा सगळा देशच साधारण 35 लाख लोकांचा आणि त्याची राजधानी आपल्या नाशिकएवढी. शेजारी ब्राझील आणि अर्जेंटिना एवढे मोठे, की मधला हा देश कुणाच्या लक्षातही येत नाही. खरं तर टीसीएसनं 2002 सालीच तिथं केंद्र सुरू केलं होतं, तेव्हापासून भारतीय इंजिनिअरांचं येणं-जाणं आहे. पण मी त्यातल्या एकालाही गाठलं नाही. नवरा कागदपत्रांत बुडालेला, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी शिक्का. कंपनीनं एकरकमी भत्ता दिला होता आणि घर आमचं आम्ही बघायचं होतं. मी म्हटलं, घर मी बघते.

आता फसवणूक कशी बेतली होती ते नीट सांगते, कारण त्या तथाकथित घरमालकिणीनं सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी आठ खऱ्या होत्या.

उरुग्वेत भाड्यानं घर घ्यायचं तर नुसतं डिपॉझिट देऊन भागत नाही. गारांतिया लागते, म्हणजे तुमच्या भाड्याची हमी. ती आंदा नावाची संस्था देते, विमा कंपन्या देतात, सरकारी नोकरांना सरकारचं लेखा खातं देतं. पण बहुतेक ठिकाणी त्यासाठी तिथल्या पगाराच्या स्लिपा दाखवाव्या लागतात आणि नुकत्या आलेल्या माणसाकडे त्या कुठून असणार? मी जाहिरातींतून सहा-सात एजंटांना लिहिलं. प्रत्येकाचं एकच उत्तर, गारांतिया काय आहे? पंधरा दिवस हेच ऐकून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

तेवढ्यात एका जाहिरातीवर उत्तर आलं. पोसितोस भाग, समुद्रासमोर, दोन बेडरूम, भाडं महिना 900 डॉलर. (तिथं खरं तर समुद्र नाही, रिओ दे ला प्लाता नदीचं रुंद मुख आहे, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि वाळूचा किनाराही आहे.) बाई गोड बोलायची. मला "केरिदा" म्हणायची, म्हणजे लाडके. लेकीचं नाव विचारलं, शाळा मार्चपासून डिसेंबरपर्यंत असते हे सांगितलं, घराजवळच्या शाळेचं नाव दिलं. ते बरोबर होतं, मी नकाशावर पाहिलं. म्हणाली, 2002 च्या बँक-संकटात आमचं सगळं गेलं, तेव्हा आम्ही स्पेनला आलो, आईचं घर तेवढं तिकडे राहिलं. हेही पटण्यासारखं होतं, कारण त्या संकटानंतर हजारो उरुग्वेकर खरंच स्पेनला गेले.

आणि गारांतिया? ती म्हणाली, 2020 च्या नव्या कायद्यानं आता गारांतियाशिवायही घर देता येतं, तुम्ही परदेशी आहात, मी समजू शकते, फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट द्या. मी शोधून पाहिलं. 19.889 क्रमांकाचा कायदा खराच आहे आणि त्यात गारांतियाशिवाय भाडेकराराची सोयही खरीच आहे. मी तिथंच थांबले. आणखी दोन परिच्छेद भाषांतर करून वाचले असते तर कळलं असतं की त्या कायद्याखालच्या करारात कसलीच हमी घ्यायची नसते. भाडं थकलं तर मालकाला घर लवकर खाली करून मिळतं, त्या बदल्यात ही सूट आहे. म्हणजे "नव्या कायद्यानं करार करू" आणि "डिपॉझिट द्या" ही दोन वाक्यं एका तोंडातून येऊच शकत नाहीत. हे मला नंतर एका एस्क्रिबानानं सांगितलं. एस्क्रिबाना म्हणजे तिथली नोटरी, पण आपल्याकडच्या नोटरीसारखी नुसता शिक्का मारणारी नव्हे. मालकीचे कागद तपासणं, व्यवहार नोंदवणं, हे सगळं तिचं काम.

करार आला तो चौदा पानांचा, शिक्क्यासकट. मी फोन कॅमेऱ्यानं ओळ न ओळ भाषांतर करून वाचली आणि मला केवढा अभिमान वाटला. एस्क्रिबानानं तो पाचव्या मिनिटाला खाली ठेवला. "यात पाद्रोन कुठं आहे?" उरुग्वेत प्रत्येक मिळकतीला पाद्रोन नावाचा क्रमांक असतो, आपल्याकडे सिटी सर्व्हे नंबर असतो तसा. फ्लॅट असेल तर त्यापुढे युनिटचा क्रमांक. तो हाती असला की मालमत्तेच्या नोंदणी कार्यालयातून मालक कोण, बोजा काय, हे काढता येतं. आपण इथं सातबारा बघितल्याशिवाय गुंठाभर जमीन घेत नाही. माझे सासरे तर उतारा दोनदा वाचतात. परदेशात गेल्यावर त्याचा तिथला भाऊ कोणता, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग पैसे. आधी "बुकिंग" म्हणून 450, मग डिपॉझिट म्हणून 1,800. खातं दिलं ते आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाचं, सुरुवात "ईएस" अक्षरांनी. ती पहिली दोन अक्षरं देशाची असतात, ईएस म्हणजे स्पेन. नाशिकच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीनं पेन थांबवलं. "मॅडम, घर उरुग्वेत आणि खातं स्पेनमध्ये?" मी तिला स्पेनला गेलेल्या कुटुंबाची सगळी गोष्ट सांगितली. अगदी मनापासून, 2002 च्या संकटासकट. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खात्यावरचं नाव मालकिणीचंच आहे ना?" नाव वेगळं होतं. बहिणीचं आहे, असं मला सांगितलं गेलं होतं आणि तेच मी तिला सांगितलं. ती मुलगी दोनदा दार दाखवत होती आणि मी दोन्ही वेळा ते स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

व्हिडिओ कॉल मी मागितला होता. घरात सध्या भाडेकरू आहे, त्यांना त्रास नको, असं उत्तर आलं. त्याऐवजी आधी काढलेला व्हिडिओ आणि बारा फोटो.

त्यातल्या एका फोटोबद्दल सांगायलाच हवं. हॉटेलच्या खोलीत तिसऱ्या रात्री झोप येईना म्हणून मी ते फोटो पुन्हा काढून बसले. हॉलचा फोटो. समोर बाल्कनी, बाल्कनीपलीकडे निळं पाणी आणि पाण्याच्या बाजूनं आत आलेला उन्हाचा मोठा पट्टा, सोफ्याच्या पायापर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजलेला. त्या दुपारी मी रांब्लावर, म्हणजे पाण्याच्या कडेनं जाणाऱ्या लांबलचक रस्त्यावर, लेकीला घेऊन चालत होते. पाण्याकडे तोंड केलं की ऊन माझ्या पाठीवर पडत होतं. माँटेव्हिडिओ दक्षिण गोलार्धात आहे, तिथं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि पोसितोसचं पाणी दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे. भर दुपारी पाण्याकडून घरात ऊन येणं तिथं शक्यच नाही. तो फोटो माँटेव्हिडिओतला नव्हताच. शिवाय पाणी निळंशार होतं, आणि मी तीन दिवस बघत होते ते पाणी बऱ्याचदा गढूळ, तांबूस, आपल्या पावसाळ्यातल्या गोदावरीसारखं. शाळेत मी मुलांना भूगोल शिकवला आहे. पृथ्वीगोल हातात धरून शिकवला आहे. त्या रात्री मी खूप रडले.

तक्रार केली. नवऱ्याच्या ऑफिसातला एक उरुग्वेकर सहकारी अर्धा दिवस रजा टाकून पोलीस चौकीत बरोबर आला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी नीट लिहून घेतलं, वाईट वागणूक अजिबात मिळाली नाही, पण पैसे स्पेनमध्ये आणि पाठवणारं खातं भारतात, तर त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. भारतात 1930 या क्रमांकावर आणि बँकेत कळवलं. बँकेनं रक्कम परत मागवण्याचा निरोप पाठवला. तीन आठवडे उलटून गेले होते, खातं रिकामं होतं. असं काही झाल्याचा नुसता संशय आला तरी तासाभरात कळवा, लाजेपायी एक रात्रही जाऊ देऊ नका. मी पहिला दिवस आईला काय सांगू यातच घालवला.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त छळते. "करारासाठी" म्हणून तिनं तिघांच्या पासपोर्टचे फोटो मागितले होते आणि मी पाठवले. लेकीच्याही. ब्युनोस आयर्सच्या भारतीय दूतावासाकडे उरुग्वेचंही काम असतं, तिथं लेखी कळवून ठेवलं आहे. आता कुणाला कागद पाठवायचाच झाला तर त्यावर आडवं लिहिते, कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला.

पुढे घर मिळालं ते कोर्दोन भागात, पाण्यापासून लांब, जुन्या इमारतीत. त्याच सहकाऱ्याच्या मावशीच्या ओळखीनं. डिपॉझिट द्यावंच लागलं, पण ते मालकाच्या हातात नाही. बांको इपोतेकारिओ ही तिथली सरकारी गृहकर्ज बँक आहे, तिथं भाडेकराराची हमी म्हणून रक्कम ठेवतात. सहसा पाच महिन्यांच्या भाड्याइतकी मागतात. आमच्यासाठी तो आकडा मोठा होता. पण ते पैसे मालकाला एकट्याला काढता येत नाहीत, मलाही नाही, आणि ते पगारांच्या निर्देशांकाबरोबर वाढणाऱ्या एककात ठेवलेले असतात, त्यामुळे महागाईत वितळत नाहीत. परदेशी माणसाला ही वाट खुली आहे, हे मला एप्रिलमध्ये नाशिकला बसून कळलं असतं तर! भाड्याशिवाय गास्तोस कोमुनेस म्हणून इमारतीचा मेंटेनन्स दरमहा वेगळा द्यावा लागतो. आमच्या करारात तो स्पष्ट लिहिला आहे. त्या खोट्या करारात त्याचा उल्लेखही नव्हता.

पहिले पंधरा दिवस काढण्यापुरती साधी खोली घ्या, तिथं उतरा आणि घर पायानं बघा. आणि घराला भेट द्यायच्या आधी कुणीही, कितीही गोड बोलून, पाच डॉलर जरी मागितले तरी देऊ नका. कंपनीतल्या अनोळखी माणसाला फोन करायला संकोच वाटेल. मलाही वाटला होता. करा तरीही.

त्या पोर्तेरोकडे मी जुलैत पुन्हा गेले होते. आमच्यासाठी त्यानं त्या दिवशी दुसरी टॅक्सी थांबवली होती, बॅगा उचलून दिल्या होत्या, लेकीला बिस्किटं दिली होती. मी चिवडा करून नेला. त्याला मी सुचवलं आणि 502 मधल्या आजींना विचारून त्यानं दारावर आतून कागद चिकटवला, "या इमारतीत भाड्यानं घर नाही." स्पॅनिशमध्ये त्यानं लिहिलं, त्याखाली इंग्रजीत मी. सप्टेंबरात त्या रस्त्यानं जाताना त्यानं मला हाक मारली. आदल्या दिवशी क्यूबातून आलेला एक तरुण बायकोला घेऊन दाराशी उभा होता. मोबाईलवरचा पत्ता आणि दारावरचा कागद आलटून पालटून वाचत होता. बुकिंगचे पैसे त्यानं भरले होते. डिपॉझिट सोमवारी भरायचं होतं.