रसायनशास्त्र ऑलिंपियाडच्या नावाखाली आमचे ८३,८०० रुपये गेले, सातारा-कराडच्या पालकांनी वाचाच

हे लिहायला मला चार महिने लागले, ते फक्त लाजेपायी. मी स्वतः माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, एकोणीस वर्षं झाली. दहावीच्या पालकांना 'चौकशी केल्याशिवाय क्लास लावू नका' असं दरवर्षी मीच सांगते. आणि माझ्याच घरातून एका माणसाने सहा महिन्यांत ८३,८०० रुपये नेले.

लेक अकरावीत. रसायनशास्त्र तिचा जीव की प्राण. आमच्याकडे नीट आणि जेईईच्या शिकवण्या गल्लोगल्ली आहेत, पण ऑलिंपियाडची, म्हणजे देशोदेशीच्या शाळकरी मुलांच्या त्या स्पर्धेची, तयारी करून घेणारं कुणी नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ताईंनी ह्या सरांचा नंबर टाकला. ऑलिंपियाडसाठी देशाचा संघ निवडणाऱ्या, मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा केंद्राच्या गेटसमोर उभं राहून काढलेला फोटो, 'मी स्वतः तिथल्या निवड शिबिरात होतो' हा दावा, आणि बोलणं इतकं अदबीचं, की ह्यांनीही मान डोलावली. उगाच भुललो नाही हो आम्ही. मी तीन पालकांशी बोलले, तिघांनीही चांगलंच सांगितलं. त्या तिघांची मुलंही जूनमध्येच लागली होती, हे मला नंतर कळलं.

जूनमध्ये नोंदणीचे २,५०० आणि पहिला हप्ता १८,५००. ऑगस्टमध्ये दुसरा हप्ता २१,०००, त्यात 'परीक्षेचा फॉर्मही मीच भरतो, तुम्ही त्यात पडू नका' हे आश्वासन. ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिकल किटचे ६,८००: गळकं ब्युरेट, एक पिपेट, लेबल नसलेल्या दोन बाटल्या. पहिल्या पायरीच्या परीक्षेत प्रात्यक्षिक नसतंच, ते थेट मानखुर्दच्या शिबिरात असतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर!

आता जे रात्री झोपू देत नाही ते सांगते. सप्टेंबरमधली गोष्ट. लेक क्लासहून आली आणि वही माझ्यापुढे टाकून म्हणाली, "आई, सरांना येत नाहीये." वर्गात गणित होतं, १० चा उणे ८ वा घात इतक्या मोलर तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती. सरांनी फळ्यावर लिहिलं, आठ. हिने हात वर केला, "सर, आम्लाचा पीएच सातच्या वर कसा जाईल? इतक्या पातळ द्रावणात पाण्याचे हायड्रोजन आयनही धरायला हवेत ना? उत्तर ६.९८ येतं." सर म्हणाले, "ऑलिंपियाडची पद्धत वेगळी असते, तू अजून पाठ्यपुस्तकातच आहेस." तिने मला पुस्तक उघडून दाखवलं. मला विज्ञान येत नसलं तरी पीएच आठ म्हणजे आम्ल नव्हे, एवढं मलाही कळत होतं. आणि मी काय केलं? "सरांची परीक्षा घ्यायला जातेस का तू?" म्हणून तिलाच रागावले. त्या क्षणी भरलेले ४२,००० डोळ्यांपुढे होते. पैसे भरले की माणूस स्वतःच फसवणाऱ्याची बाजू घेतो.

दुसरी खूण तर हातातच होती. 'गोपनीय' शिक्का मारलेल्या नोट्स. प्रत्येक पानाचा वरचा भाग पांढरी पट्टी लावून झेरॉक्स केलेला. एका पानावर पट्टी सरकली होती आणि होमी भाभा केंद्राचं नाव अर्धं दिसत होतं. त्या केंद्राने स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका होत्या त्या, उत्तरांसकट. तुमच्या मुलांना त्याच द्या, एक रुपया लागत नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रवेशपत्र आलंच नाही. 'सर्व्हर डाऊन आहे, केंद्रावर यादीत नाव असेल.' आम्ही सकाळी केंद्रावर गेलो. यादीत नाव नव्हतं. फॉर्मच भरला नव्हता. लेक पेन आणि पाण्याची बाटली धरून गेटबाहेर उभी राहिली, आत मुलं बसली तरी हलेना. पहिल्या पायरीची परीक्षा घेणाऱ्या आयएपीटी ह्या शिक्षकांच्या संघटनेकडे नोंदणी करताना लॉगिन आणि पासवर्ड आपल्याच मोबाइलवर ठेवा. 'मी भरतो' म्हणणाऱ्याकडून त्याच दिवशी पावती मागा.

आणि त्याच संध्याकाळी मी आणखी ३५,००० पाठवले. सरांचा फोन आला, चूक माझी आहे, मी भरपाई करतो, शिबिरासाठी शिक्षकांच्या नामांकनाच्या काही जागा असतात, डिपॉझिट परत मिळतं. लेक आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडत होती. त्या रडण्यापुढे मला दुसरं काही सुचलं नाही. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं आलं, तरी पिन दाबला. अशा कुठल्याही जागा नसतात. आधी नोव्हेंबरची एनएसईसी ही पहिली परीक्षा, मग त्यातल्या निवडक मुलांसाठी आयएनसीएचओ ही दुसरी, मग शिबिर, आणि शेवटी देशाच्या संघात फक्त चार मुलं. एकेक पायरी गुणांवरच चढावी लागते.

अकराव्या दिवशी फोन बंद. क्लासच्या दोन खोल्यांना कुलूप. घरमालकाकडे साधा भाडेकरारही नाही.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्यांदा, "मॅडम, शिकवलं तर होतं ना त्याने? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." परीक्षेचा फॉर्म न भरता भरल्याचं सांगणं, नसलेल्या जागेचे पैसे घेणं, हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? तिसऱ्यांदा सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, ओटीपी दिला नाही, लिंक उघडली नाही, स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेत, हे आमच्यात बसत नाही. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? अकरा दिवस उलटून गेले म्हटल्यावर पलीकडचा आवाजच थंड पडला. तुम्हाला शंका आली तर त्याच तासाला १९३० लावा, माझ्यासारखं लोक काय म्हणतील करत बसू नका. बँकेने हात वर केले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणून तिथे गेले, तर समोरच्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मीच जाऊन दारात बसले नसते का? सगळीकडे एकच नजर, बाई शिकलेली असून कशी काय फसली. त्या माणसाबद्दल एकानेही एक प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे आजच्या तारखेला फक्त एक तक्रार क्रमांक आहे आणि त्यापुढे 'प्रलंबित' हा शब्द.

लेक यंदा बारावीतून पुन्हा बसणार आहे. फॉर्म ती स्वतः भरेल.

आज लिहायला बसले, कारण परवा कराडच्या पालकांच्या ग्रुपवरचा एक फोटो मावसबहिणीने मला पाठवला. नाव वेगळं, नंबर नवा, 'जूनची बॅच, मोजक्याच जागा'. फोटो मात्र मानखुर्दच्या गेटचा तोच आहे, डावीकडे पांढरी स्कूटर उभी असलेला. नोंदणीची रक्कमही २,५००च.