लिव्हर आयसीयूतलं प्लाझ्मा एक्स्चेंज: पाचपैकी चार तारे

मी सांगलीत आरओ फिल्टरची सर्व्हिसिंग करतो, त्यामुळे गाळायचं कुठलंही मशीन दिसलं की नजर आधी नळ्यांवर जाते. मार्चमध्ये भाच्याला पुण्याला हलवलं. साधी कावीळ म्हणून आठ दिवस गावठी औषधात घालवले (चूक आमचीच), मग पोरगं बरळायलाच लागलं. हिपॅटायटिस ए, लिव्हर फेल, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतोय ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे वाईट) ५ च्या वर. एकीकडे दात्याच्या लिव्हरसाठी झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाचं केंद्र) यादीत तातडीनं नाव घातलं, दुसरीकडे प्लाझ्मा एक्स्चेंज सुरू.

मानेतल्या जाड नळीतून रक्त मशीनमध्ये येतं, प्लाझ्मा (रक्तातला पातळ, पिवळसर भाग) वेगळा काढून टाकतात, पेशी परत आत, आणि सोबत रक्तदात्यांचा प्लाझ्मा. एका खेपेला १४ पिशव्या, असं तीन दिवस. पहिल्या दिवशी टाकाऊ पिशवीत कोरा चहा उतरत होता. तिसऱ्या दिवशी रंग उसाच्या रसावर आला. टेक्निशियन पोरगी एक नंबर. अलार्म वाजला की धावपळ नाही. आधी नळीला पीळ कुठं बसलाय ते बघणार. माझ्या दुकानात असती तर पगार वाढवला असता.

तारा कापला तो पिशव्यांपायी. गोठवलेला प्लाझ्मा वितळायला अर्धा तास लागतो, हे आम्हाला रात्री अकराला रक्तपेढीच्या खिडकीवर कळलं. त्यात बी गटाच्या सगळ्या पिशव्या तिथं नव्हत्याच. उरलेल्यांसाठी दाजी रिक्षानं दुसऱ्या पेढीत. दुपारी एक चिठ्ठी दिली असती तर काय बिघडलं असतं?

डॉक्टरांना मी विचारलं, "हे नुसतं गाळतंय. लिव्हर जे बनवतं ते कोण बनवणार?" म्हणाले, म्हणूनच अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जनुकं बदललेल्या डुकराचं लिव्हर शरीराबाहेर मशीनवर ठेवून एका ब्रेन डेड माणसाच्या रक्तप्रवाहाला ७२ तास जोडून बघितलं. २०२४ च्या जानेवारीत ते जाहीर झालं. आपलं लिव्हर सावरेपर्यंत किंवा दात्याचं मिळेपर्यंत वेळ काढायचा, हा हेतू. डुक्कर ऐकून मी ताईकडं बघितलं. ती माळकरी. म्हणाली, "मिळत असंल तर लावा की, विचारताय काय?"

लावायची वेळ आली नाही. पाचव्या दिवशी आयएनआर २ च्या खाली आला, यादीतून नाव काढलं. सहाव्या दिवशी पोरानं डोळे उघडून भडंग मागितलं. मिळाली पेज.