१४४१६: पॅनिक अटॅक येत असतील तर हा नंबर लावा

सेवा: टेली-मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६. माझं मत आधीच सांगून टाकतो: पॅनिक अटॅक म्हणजे नेमकं काय, हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते या फोनवर.

मी नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात हिशेब पाहतो. वय ४४. मार्च एंडिंगच्या कामात एका दुपारी छातीत धडधड सुरू झाली, हाताला मुंग्या, ओठ बधिर, श्वास पुरेना. आता आपण जातो, अशी खात्रीच पटली. दुकानातल्या पोरांनी गाडीवर बसवून धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी ट्रोपोनिनची रक्त तपासणी झाली, मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. हे करणं बरोबरच होतं. तुम्हाला पहिल्यांदा असं झालं तर आधी हेच करा, आणि छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा, १४४१६ ला नाही. पण तपासण्या झाल्यावर मला एवढंच सांगितलं गेलं, "काही नाही, गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका." ज्याने मरण समोर पाहिलं त्याला 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं की त्याची भीती घरी त्याच्यासोबतच येते. माझी आली. नंतर थायरॉइड पाहून झालं, हिमोग्लोबिन पाहून झालं. मोठा भाऊ काळजीपोटीच म्हणायचा, "काहून एवढा विचार करून राहिला बे?"

शेवटी एका रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर जाऊन फोन लावला. आधी भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशकाशी जोडून देतात. पलीकडे एक ताई होत्या. त्यांनी घाई केली नाही. हृदयाच्या तपासण्या झाल्या का, दारू घेता का, चहा किती होतो, झोप कशी आहे, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का, हे सगळं सरळ विचारलं. मग हे पॅनिक अटॅक कसे येतात ते समजावून सांगितलं, आणि तिथेच माझं अर्धं ओझं उतरलं.

धोका वाटला की शरीर ॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक सोडतं. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो. खरंच पळायचं असतं तर ते कामी आलं असतं, पण आपण खुर्चीवर बसून भराभर श्वास ओढत राहतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या, चक्कर, ओठ बधिर होणं हे त्यातूनच येतं. म्हणजे मला हवा कमी पडत नव्हती, मी गरजेपेक्षा जास्त घेत होतो! मग मन त्या मुंग्यांनाच हार्ट अटॅकची खूण समजतं, भीती वाढते आणि ॲड्रेनलिन पुन्हा सुटतं. सहसा दहाएक मिनिटांत हे सगळं टोकाला जातं आणि मग ओसरायला लागतं.

श्वासाचं त्यांनी सोपं करून दिलं: नाकाने चार मोजेपर्यंत घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडायचा. भर सोडण्यावर. कागदी पिशवीत श्वास घ्या, असं आमच्याकडे अजूनही सांगतात, ते करू नका. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर पिशवीमुळे ऑक्सिजन कमी पडून जीवावर बेतू शकतं.

सर्वात मोलाची गोष्ट मेट्रोची. मी वैष्णोदेवी चौकातून चढून अग्रसेन चौकाला उतरायचो. एकदा बंद दारांच्या डब्यात धडधड झाली आणि मी मेट्रोच सोडली. स्कूटर काढली, तीही नागपूरच्या एप्रिलात. उन्हात घाम आणि धडधड कुणालाही होते, पण मला दर सिग्नलला वाटायचं, आलं आता. ताईंचं म्हणणं असं की जागा टाळली की त्या क्षणापुरतं बरं वाटतं, आणि ती जागा आणखी धोक्याची वाटू लागते. आधी एकच स्टेशन जा, आंबेडकर चौकापर्यंत. भीती आली तर येऊ द्या, ती उतरेपर्यंत फलाटावरच थांबा. पहिल्या वेळी माझे पाय थरथरत होते. पण भीती उतरली, आणि ती आपोआप उतरते हे अंगाने कळलं. आता मी रोज मेट्रोनेच जातो. अजूनही कधी धडधड होते. पण मी गाडीतून उतरत नाही.

ही हेल्पलाइन म्हणजे पूर्ण उपचार नव्हे, हेही लक्षात ठेवा. अटॅक वारंवार येत असतील तर समोर बसून नियमित थेरपी लागते, काहींना औषधंही. मला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या नागपूरच्या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. बाजूच्या चौकाला ऑटोवाले आजही पागलखाना चौक म्हणतात आणि त्या नावाला भिऊन किती माणसं उपचाराविना राहत असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच सोडू नका. लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या दुकानातून परस्पर आणू नका. आणि विम्याच्या एजंटला विचारून ठेवा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारांसारखाच धरावा लागतो.

फोन घरच्यांनाही लावता येतो. माझ्या पुढच्या फोनला बायको स्पीकरवर ऐकत होती. आता मला झालं की ती पाणी-पंख्याची धावपळ करत नाही, बाजूला बसून सहापर्यंत मोजते. फोन करताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि तपासण्यांचे कागद जवळ ठेवा, विचारतात.