लिटल जॉन बॉटलब्रश: चार वर्षं अंगणात वाढवल्यावर

पश्चिम सिडनीत नवीन घर घेतलेली मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "पुढच्या कुंपणाला काय लावू गं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: लिटल जॉन, म्हणजे बाटली धुण्याच्या ब्रशसारखी लाल फुलं येणाऱ्या बॉटलब्रशचा बुटका प्रकार. मात्र ते कुठून आणायचं आणि केवढं आणायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. ते मला एक झाड गमावल्यावर कळलं.

पहिलं झाड एका मोठ्या दुकानातून आणलं होतं. गुडघ्याएवढं, फुलांनी लगडलेलं, छत्तीस डॉलरचं. लेबलावर लिहिलं होतं की हे दुष्काळातही तगतं. तिथल्या माणसानेही सांगितलं, एकदा लावलं की पाण्याची चिंता नको. नोव्हेंबरात लावलं, जानेवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या उन्हात ते वाळत गेलं आणि फेब्रुवारीत उपटावं लागलं. मुळं पाहून फार वाईट वाटलं. ती कुंडीतल्यासारखीच गोल गुंडाळलेली होती, बाहेरच्या मातीत बोटभरही शिरली नव्हती. आमची माती चिकण, उन्हाळ्यात भेगा पडणारी. शेजारच्या पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा ठिकाणी त्या मुळांना पाणी मिळणार कुठून?

दुसऱ्या खेपेला स्थानिक झाडांच्या एका छोट्या नर्सरीत गेले. तिथे ट्यूबस्टॉक मिळतो, म्हणजे मुठीत मावणाऱ्या उभट कुंडीतलं वीतभर रोप. साडेचार डॉलरला एक, मी पाच घेतली. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, पाणी साचतं कुठे? मी म्हटलं, कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यात. त्या म्हणाल्या, मग तिथेच लाव, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नकोस.

त्यांच्या सांगण्यातलं मर्म मला नंतर उमगलं. बॉटलब्रशचं माहेर म्हणजे ओढ्याकाठ. बहुतेक जाती ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि आग्नेय भागातल्या, ओलसर, पुराचं पाणी येऊन जाणाऱ्या जागी वाढतात. लिटल जॉन ज्या विमिनॅलिस जातीचा बुटका प्रकार आहे, ती न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमधल्या नदीनाल्यांच्या काठी उभी असते, फांद्या पाण्याकडे झुकवून. मुळं खोल गेली की हे झाड कोरड सोसतं, त्याआधी नाही. दुकानातल्या लेबलावर एवढं एक वाक्य असतं तर माझं पहिलं झाड वाचलं असतं.

एप्रिलमध्ये, उन्हाचा जोर ओसरल्यावर, पाचही रोपं लावली. पाचही जगली. आज कमरेएवढी आहेत, दाट, निळसर-राखाडी पानांची. लिटल जॉन साधारण मीटरभर वाढतो, त्यामुळे खिडकीपुढे लावला तरी उजेड अडत नाही. फुलाचा मोठा बहर वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात. एरवीही अधूनमधून दोनचार ब्रश दिसतातच.

हा ब्रश एकदा जवळून बघा. ते एक फूल नसतं, देठाला चारी बाजूंनी चिकटलेली कितीतरी लहान फुलं असतात. पाकळ्या इवल्याशा, लगेच गळणाऱ्या. रंग सगळा पुंकेसरांचा: गडद लाल तंतू आणि टोकाला परागाचा सोनेरी ठिपका. बहर ओसरला की त्याच कणसाच्या शेंड्यातून नवी पालवी निघून फांदी पुढे चालू लागते. मागे राहतात देठाला घट्ट बसलेल्या लाकडी बोंडांच्या ओळी, पोत ओवावी तशा. सकाळी रेनबो लोरिकीट नावाचे रंगीत पोपट येतात. त्यांच्या जिभेच्या टोकालाही ब्रशसारखे केस असतात, त्यानेच ते मध टिपतात.

गेल्या वर्षी सासूबाई कोल्हापूरहून आल्या. दारातूनच म्हणाल्या, "अगं, हे आपल्याकडचं झाड इथे कसं?" त्यांच्या शाळेच्या आवारात होतं म्हणे. "आई, ते इथूनच सगळीकडे गेलंय," असं सांगितलं. यातलं सिट्रिनस नावाचं, चुरडल्यावर पानांना लिंबाचा वास येणारं झाड जोसेफ बँक्स या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञामुळे १७८९ साली ब्रिटनमध्ये पोचलं. भावकी मात्र आपल्या ओळखीची: पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी, सगळे एकाच कुळातले. लवंगेचं ऐकल्यावर आईंनी पान चुरडून वास घेतला आणि मान डोलावली.

तक्रारी दोनच. एक, सॉफ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या. झुपक्याने बसतात आणि पानांच्या नुसत्या शिरा ठेवतात. मी हातमोजे घालून वेचते, फवारणी करत नाही. दुसरी, छाटणीची वेळ चुकली तर फुलं जातात. बहर संपल्याबरोबर सुकलेल्या ब्रशच्या किंचित मागे कापायचं. एकदा मी आळस करून ऑगस्टमध्ये कापलं, तर कळ्याच कापल्या गेल्या. छाटणीनंतर कमी फॉस्फरसचं, इथल्या झाडांसाठी मिळणारं खत एकदा घालते.

खरेदीला जाताना एक लक्षात ठेवा: लेबलावर बॉटलब्रशचं शास्त्रीय नाव कधी कॅलिस्टेमॉन लिहिलेलं असतं, कधी मेलाल्युका. काही वनस्पतिशास्त्रज्ञ आता ही झाडं मेलाल्युकात धरतात. 'लिटल जॉन' हे नाव तपासा आणि कुंडी उलटी करून मुळं बघा. तळाशी मुळांचं वेटोळं दिसलं तर ठेवून द्या. फुलं नसलेलं छोटं रोप घ्या, त्यातच फायदा आहे.

बियांपासून मात्र लिटल जॉन मिळेलच असं नाही, तो फांद्यांचे तुकडे लावून वाढवतात. हे आईंना सांगितलं, तरी त्यांनी आदल्या वर्षीची बोंडं असलेली एक काडी कागदी पाकिटात घालून खिडकीत ठेवली. आठवड्याने पाकिटात भुकटीसारखं बी पडलं होतं. ते मातीवर नुसतं भुरभुरलं आणि कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली. नऊ रोपं आली, आता बोटाच्या पेराएवढी आहेत. आई कोल्हापूरला परतल्या. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी ती ताटली दाखवावी लागते, मग नातवंडं.