मेडिकलवर कोणती आरोग्यसेवा सुरू करावी: बीपी तपासणी, टीबीचा पाठपुरावा की जनऔषधी?

तालुक्याच्या गावी स्वतःचं मेडिकल आहे, दिवसभर काउंटरला तुम्हीच असता आणि गोळ्या विकण्यापलीकडे गावाच्या आरोग्यासाठी काहीतरी करावं असं मनात आहे. मराठवाड्यातल्या अनेक फार्मासिस्टांशी बोलताना हा विषय निघतो आणि पुढे तीनच पर्याय येतात: बीपी-शुगर तपासणी, टीबीच्या पेशंटचा पाठपुरावा किंवा सरळ जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान. तिन्ही चांगले आहेत. पण तिन्हींत गावाला दिलेला शब्द वेगळा आहे, म्हणून निवडताना एकच प्रश्न विचारा: लग्नसराईत, सोयाबीनच्या सुगीत, पोऱ्या सुट्टीवर असतानाही हा शब्द माझ्याकडून पाळला जाईल का?

बीपी तपासणी सगळ्यांना सोपी वाटते. मशीन आणलं, बोर्ड लावला की झालं. पण बाजाराच्या दिवशी काय होतं ते बघा. माणूस उन्हातून चालत आलेला, तोंडात तंबाखू, आत्ताच चहा झालेला. काउंटरशी उभ्याउभ्या त्याच्या दंडाला पट्टा बांधला तर येणारा आकडा काही कामाचा नसतो. नीट मोजायचं तर चहा-तंबाखूला अर्धा तास झालेला हवा. खुर्चीत पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीत, मोजताना बोलणं बंद. मिनिटभर थांबून परत एकदा मोजायचं. म्हणजे एका माणसामागे दहा मिनिटं आणि दुकानात एक खुर्ची कायमची अडलेली. त्यामुळे "बीपी कधीही तपासून मिळेल" असं लिहू नका. गर्दी ओसरते ते दुपारचे दोन तास ठरवा, तेवढेच बोर्डावर लिहा आणि ते मात्र चुकवू नका.

आकडा वेगवेगळ्या दिवशी १४०/९० च्या वर राहिला तर तो कागदावर लिहून डॉक्टरांकडे पाठवायचं. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे असेल आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं तर त्याच क्षणी दवाखान्यात. स्वतःहून गोळी काढून द्यायची नाही. माणूस कितीही ओळखीचा असला तरी नाही.

शुगरची गोष्ट वेगळी. बोट टोचलं की रक्त आलं, सुई आली आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आले. वापरलेली सुई न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकून कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच गेली पाहिजे. ती गाडी तुमच्या गावात येत नसेल तर शुगर तपासणी सुरू करू नका. दुकानामागच्या उकिरड्यावर सुया पडण्यापेक्षा ती सेवा नसलेली बरी.

माझ्या मते पहिला हक्क टीबीच्या कामाचा आहे. एक तर यात भांडवल लागत नाही. दुसरं म्हणजे यातला अर्धा भाग कायद्याने तसाही तुमच्यावर आहे. शेड्यूल एच-१, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची यादी, मार्च २०१४ पासून लागू आहे आणि रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही टीबीची औषधं त्यात येतात. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने टीबीच्या पेशंटची माहिती सरकारला कळवणं औषध विक्रेत्यांनाही बंधनकारक केलं. पण बऱ्याच दुकानांत हे रजिस्टर औषध निरीक्षक येणार म्हटल्यावर आदल्या रात्री भरलं जातं. ते रोजच्या रोज भरायला लागलात तर निम्मी सेवा तिथेच सुरू झाली.

उरलेली निम्मी सेवा काउंटरवरची आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलंय आणि माणूस तिसऱ्यांदा खोकल्याची बाटली मागतोय, तर त्याला बाटलीसोबत ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासायलाही पाठवा. अशा माणसाला चिठ्ठीशिवाय लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तर अजिबात देऊ नका. त्याने चार दिवस बरं वाटतं, आजार दबतो आणि निदान लांबतं. हे बोलणं हळू आवाजात, बाजूला घेऊन करा आणि पोऱ्यावर सोपवू नका. गावात मुलीला टीबी आहे असं एकदा पसरलं की तिचं लग्न अडतं.

मराठवाड्यात या कामाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे ऊसतोड. टीबीचा साधा उपचारही सहा महिन्यांचा. दसऱ्याच्या सुमारास निदान झालं आणि मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असेल तर बीड, धारूर, केजकडचा माणूस गोळ्या अर्धवट टाकून कोयत्यावर निघून जातो आणि परततो तो मार्च-एप्रिलमध्ये. त्याची गाडी निघण्याआधी तुम्ही एवढं करू शकता: त्याला टीबी युनिटला पाठवून निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवरची नोंद तो जाणार त्या भागात बदलून घ्यायला सांगा, निक्षय आयडीचा फोटो त्याच्या आणि बायकोच्या मोबाईलमध्ये ठेवा, १८००-११-६६६६ हा हेल्पलाइन नंबर लिहून द्या. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते), हेही सांगा. अनेकांना माहीतच नसतं.

जनऔषधीचा हिशेब निराळा आहे, कारण तिथे तुम्ही धंदाच बदलताय. गावाचा फायदा सगळ्यात जास्त आणि रोजचा इथेच. बीपी-शुगरच्या गोळ्या आयुष्यभर घेणाऱ्या म्हाताऱ्यांचा महिन्याचा खर्च खरोखर खाली येतो, सॅनिटरी पॅड एक रुपयाला मिळतं. पण त्या केंद्रात योजनेच्या यादीतलीच औषधं ठेवायची, म्हणजे चालत्या मेडिकलचं गिऱ्हाईक तुटू शकतं. विक्रेत्याला एमआरपीवर २० टक्के सुटतात आणि अटी पाळल्या तर महिन्याच्या खरेदीवर २० टक्के, जास्तीत जास्त २०,००० रुपये प्रोत्साहन आहे. जागा किमान १२० चौरस फूट.

अर्ज करण्याआधी गावातल्या डॉक्टरांना मात्र जरूर भेटा. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायचं औषध आपल्या मनाने बदलून देता येत नाही. दोन-तीन डॉक्टर औषधाचं मूळ नाव लिहायला तयार असतील तर केंद्र चालेल, नाहीतर औषधं मुदत संपेपर्यंत रॅकवरच राहतील.

तेव्हा चालतं दुकान असेल तर आधी टीबी, ते अंगवळणी पडलं की दुपारच्या ठरल्या वेळी बीपी. नवीन दुकान काढत असाल तर जनऔषधीचा विचार आधी करा आणि धाराशिवमध्ये असाल तर नक्कीच, कारण तो आकांक्षित जिल्हा (केंद्राच्या मागास जिल्ह्यांच्या यादीतला) असल्याने फर्निचर आणि संगणकासाठी दोन लाखांपर्यंत एकरकमी मदत आहे. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना ती कोणत्याही जिल्ह्यात मिळते. नवरा-बायको दोघंही फार्मासिस्ट असाल तर चालतं मेडिकल एकाकडे ठेवून जनऔषधीचा अर्ज बायकोच्या नावाने, वेगळ्या जागेसाठी आणि वेगळ्या लायसनवर करा. दोन्हीकडे नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर राहील आणि टीबीचं रजिस्टरही बंद पडणार नाही.